वाटाण्याच्या रोपाची फिल्म: दादासाहेब फाळके यांच्याकडून शिकण्यासारखं लीन स्टार्टअप

फोनचा कॅमेरा उघडा. फोटो, व्हिडिओ, पोर्ट्रेट यांच्या शेजारी टाइमलॅप्स नावाचा मोड दिसेल. फोन स्टँडवर लावायचा, बटण दाबायचं आणि विसरून जायचं. तासाभराचं आकाश वीस सेकंदांत सरकताना दिसतं.

१९१२ साली मुंबईत एका माणसाने हेच केलं होतं, पण हाताने. समोर कुंडी, कुंडीत वाटाण्याचं बी आणि त्याच्यावर रोखलेला लंडनहून आणलेला कॅमेरा. ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घ्यायची. असं जवळजवळ महिनाभर चाललं. त्यातून जेमतेम मिनिटभराची फिल्म तयार झाली. तिच्यात ना नट, ना कथा. बी उगवतं, कोंब येतो, वेल वाढते, बस.

या फिल्मचं तिकीट कधी विकायचंच नव्हतं. ती मोजक्या लोकांना दाखवायची होती आणि त्यांच्याकडून पैसे उभे करायचे होते. पैसे उभे राहिले आणि त्यातून राजा हरिश्चंद्र बनला. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब फाळके.

आज स्टार्टअपच्या भाषेत या वाटाण्याच्या फिल्मला एमव्हीपी म्हणतात. तेव्हा हा शब्द नव्हता, पण काम तेच होतं. म्हणून आज फाळक्यांचं आयुष्य आपण फाउंडरच्या नजरेने वाचूया. त्यांचं काय बरोबर आलं ते बघू आणि कुठे फसलं तेही बघू, कारण फसलेला भाग तितकाच कामाचा आहे.

आधी दोन मिनिटं: लीन स्टार्टअप म्हणजे काय?

एरिक रीस या अमेरिकन उद्योजकाचं द लीन स्टार्टअप हे पुस्तक २०११ मध्ये आलं आणि ही कल्पना जगभर पसरली. तिचा गाभा सोपा आहे. नवा धंदा म्हणजे एक अंदाज असतो. लोकांना ही वस्तू हवी आहे, ते तिच्यासाठी पैसे देतील, आपल्याला ती बनवता येईल, असं आपण धरून चालतो. यातलं काहीही खोटं निघू शकतं. मग सगळे पैसे आणि दोन वर्षं घालवून वस्तू पूर्ण बनवण्याआधी, कमीत कमी खर्चात तो अंदाज तपासायचा.

तपासण्यासाठी जी छोटी, कामचलाऊ आवृत्ती बनवतात ती एमव्हीपी. बनवा, मोजा, शिका आणि पुन्हा बनवा, हे त्याचं चक्र. शिकल्यावर लक्षात आलं की दिशाच चुकली, तर दिशा बदलायची. त्याला पिव्होट म्हणतात.

ड्रॉपबॉक्सचं उदाहरण नेहमी दिलं जातं. प्रॉडक्ट सगळ्यांसाठी तयार होण्याआधी त्यांनी एक छोटा व्हिडिओ टाकला आणि हे चाललं तर कसं दिसेल ते दाखवलं. लोकांनी रांगा लावून नावं नोंदवली. वाटाण्याची फिल्म ही त्याच जातीची, फक्त जवळजवळ शंभर वर्षं आधीची.

चाळिशीपर्यंतचा सीव्ही

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना गिरगाव चौपाटीजवळच्या विल्सन कॉलेजात नोकरी लागली आणि घर मुंबईला आलं. धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले. रतलामला जाऊन तीन रंगांचे ब्लॉक बनवण्याचं तंत्र शिकून आले.

यानंतरचा सीव्ही एखाद्या एचआरला दाखवला तर तो कपाळाला हात लावेल. गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दगावलं. बडोद्यात पुन्हा फोटोग्राफी सुरू केली, पण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक येईना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकले. १९०३ पासून पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, ती सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला. तो दादरला हलवला, नवा भागीदार आला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असं नाव झालं. रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनीला गेले. धंदा जोरात चालला आणि भागीदाराशी पटेना म्हणून १९११ मध्ये ते हात हलवत बाहेर पडले.

वय एकेचाळीस, घरात बायको-मुलं आणि उत्पन्न शून्य.

पण हा सीव्ही पुन्हा एकदा वाचा. चित्रकला, फोटोग्राफी, फिल्म आणि रसायनांची सवय, रंगमंचाचे पडदे, जादूच्या युक्त्या, यंत्रं आयात करण्याचा अनुभव. सिनेमा बनवायला नेमकं हेच लागतं. हे फाळक्यांनी ठरवून गोळा केलं नव्हतं. प्रत्येक फसलेल्या धंद्यातून एकेक कौशल्य मात्र खिशात राहिलं होतं.

गिरगावातला तो खेळ

याच सुमारास गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरची फिल्म पाहिली. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण येत होते. आपले देव आपल्या माणसांनी असे पडद्यावर का आणू नयेत, हा विचार डोक्यात बसला तो कायमचा. पत्नी सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो खेळ दाखवायला नेलं.

इथे बहुतेक फाउंडर घाई करतात. आयडिया सुचली की दुसऱ्या दिवशी लोगो. फाळक्यांनी आधी अभ्यास केला. परदेशातून कॅटलॉग आणि पुस्तकं मागवली. एक छोटं यंत्र आणि फिल्मचे तुकडे मिळवून रात्री घरात मेणबत्तीच्या उजेडावर भिंतीवर चित्रं पाडून पाहिली. कित्येक महिने रोज तासन्‌तास थिएटरात बसून फिल्म कशी हलते, कशी जोडते, हे पाहत राहिले. डोळ्यांवर एवढा ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी नजर परत आली.

मग फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. पैसा कुठून आला? विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून. बारा हजारांच्या पॉलिसींवर दहा हजारांचं कर्ज मिळालं.

लंडनमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं. बायोस्कोप नावाच्या सिनेमाच्या साप्ताहिकाची पाटी दिसली. हे साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत. सरळ आत गेले आणि संपादकांना भेटले. संपादकांनी आधी परावृत्तच केलं. इंग्लंडमध्येही अनेकांचे हात पोळले आहेत आणि हिंदुस्थानच्या हवेत फिल्मचं काही खरं नाही, असा त्यांचा सूर होता. पण माणूस हटत नाही म्हटल्यावर त्यांनी सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थच्या स्टुडिओत फाळक्यांना सगळी प्रक्रिया जवळून पाहता आली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा त्यांनी पन्नास पौंडांना घेतला. कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवलं. एप्रिलच्या सुरुवातीला ते मुंबईत परत होते. अख्खा दौरा दोन महिन्यांचा, त्यात लंडनचा मुक्काम फक्त दोन आठवड्यांचा.

वाटाण्याने नेमकं काय सिद्ध केलं?

यंत्रं आली, जोडून झाली, आजूबाजूच्या मुलांवर चाचणीही झाली. आता पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी मोठं भांडवल हवं होतं. देणारा विचारणारच की हा माणूस खरंच फिल्म काढू शकतो कशावरून?

म्हणून वाटाणा. सेकंदाला साधारण सोळा फ्रेम हा तेव्हाचा हिशोब. म्हणजे एका मिनिटाला ९६० फ्रेम. महिन्यावर वाटल्या तर दिवसाला तीसेक. रोपाला पगार नाही, वेशभूषा नाही, सेट नाही. पण या एका मिनिटात तीन गोष्टी सिद्ध होत होत्या. एक, कॅमेरा आणि फिल्म आपल्या हवेत चालतात. दोन, शूटिंगपासून धुलाई आणि प्रिंटपर्यंतचं सगळं काम हा माणूस स्वतः करू शकतो. तीन, महिन्याची गोष्ट मिनिटात दाखवणारी जादू बघून माणूस थक्क होतो.

अंकुराची वाढ या नावाने ती ओळखली जाते. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी ती पाहिली आणि कर्ज द्यायला तयार झाले.

एमव्हीपी म्हणजे अर्धवट किंवा बिघडलेलं प्रॉडक्ट नव्हे, हे इथे लक्षात घ्या. फाळक्यांनी राजा हरिश्चंद्रची पहिली दहा मिनिटं कशीतरी बनवून दाखवली नाहीत. सगळ्यात मोठी शंका कोणती हे ओळखलं आणि तेवढ्याच शंकेचं स्वस्तात स्वस्त उत्तर बनवलं. तुमच्या ॲपबद्दल लोकांना सगळ्यात मोठी शंका कोणती आहे? तुमचा वाटाणा तिथे पेरायचा.

दादरचं घर, तोच स्टुडिओ

तोवर फाळके कुटुंब गिरगावातल्या चर्नी रोडच्या बाजूची जागा सोडून दादरला मथुरा भवनमध्ये राहायला आलं होतं. दादर पूर्वेला आज ज्याला दादासाहेब फाळके मार्ग म्हणतात, तोच हा रस्ता. घर हाच स्टुडिओ आणि घर हीच लॅब.

कच्ची फिल्म तेव्हा भोकांशिवाय यायची. कॅमेऱ्यातले दात या भोकांत अडकून फिल्म पुढे ओढतात, म्हणून ही भोकं अंधारात बसून पाडावी लागत. चुकलं तर चित्र हलणार. हे काम सरस्वतीबाई करायच्या. शिवाय फिल्म धुणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड परतवणं, कपडे धुणं आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. कर्ज पुरेना तेव्हा दागिनेही त्यांचेच गेले. आजच्या भाषेत त्या सहसंस्थापक, तंत्रज्ञ आणि ऑपरेशन्स हेड होत्या. कंपनीचं नाव मात्र फाळके फिल्म्स.

नट मिळणं हीसुद्धा अडचणच. सिनेमात काम करतो म्हणायची लोकांना लाज वाटे. म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं की हरिश्चंद्रच्या फॅक्टरीत नोकरी करतो असं बाहेर सांगा. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. ग्रँट रोडच्या एका खाणावळीत अण्णा साळुंके नावाचा आचारी दिसला, नाजूक हातांचा. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळायचे, फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि तारामती सापडली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र आणि कॅमेऱ्यामागे उभे राहिले त्र्यंबक तेलंग. सहा महिने सत्तावीस दिवसांत ३७०० फूट फिल्म तयार झाली.

पहिले नव्हते, तरीही पहिले

२१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात राजा हरिश्चंद्र प्रेक्षकांसाठी लागला.

पण याच कोरोनेशनमध्ये वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला, दादासाहेब तोरणे यांचा श्री पुंडलिक लागला होता. मग पहिले कोण, हा वाद आजही चालतो. पुंडलिक हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरामन इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती. फाळक्यांनी कॅमेरा सोडला तर अख्खी साखळी दादरच्या घरात आणली. त्यामुळे दुसरा, तिसरा, दहावा चित्रपट काढणं त्यांना शक्य झालं. बाजारात आधी येण्यापेक्षा पुन्हापुन्हा बनवता येणं मोठं ठरलं.

आणखी एक हुशारी बघा. प्रेक्षकाला सवय होती विविध करमणुकीची. म्हणून चित्रपटाच्या जोडीला नाच, विनोदी नकला आणि पायांनी कसरती करणारा कलाकार असा सगळा कार्यक्रम ठेवला. नवी वस्तू जुन्या, ओळखीच्या पुडीत बांधून दिली. मुंबईत खेळ तेवीस दिवस चालला. त्या काळात फिल्म आठवडाभर टिकली तरी खूप होतं.

सुरतेतले तीन रुपये

मुंबईत चाललं म्हणून सगळीकडे चालेल असं नसतं. सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला फक्त तीन रुपयांचा झाला असं सांगतात. कारण साधं होतं. दोन आण्यांत सहा तासांचं नाटक मिळत असताना तीन आणे देऊन तासाभराचा खेळ कोण बघणार?

दर कमी करा, असा सल्ला मिळाला. फाळक्यांनी दर तोच ठेवला आणि जाहिरात बदलली. तासांचा हिशोब सोडून दिला. तीन आण्यांत सत्तावन्न हजार फोटो आणि दोन मैल लांब चित्र, असं सांगायला सुरुवात केली. गल्ला तीनशेवर गेला म्हणतात.

आता आपण गणित करून पाहू. एका फुटात सोळा फ्रेम. ३७०० फूट म्हणजे ५९,२०० फ्रेम. म्हणजे फोटोंचा आकडा जवळपास खरा होता. पण ३७०० फूट म्हणजे पाऊण मैलही नाही, दोन मैल ही चक्क थाप. मार्केटिंगमध्ये मोजमाप बदलणं हे कौशल्य आहे, मोजमाप फुगवणं ही फसवणूक. आज रिव्ह्यू लिहिणारा ग्राहक दोन मैल मोजून दाखवेल.

चाललं, आणि मग?

ऑक्टोबर १९१३ मध्ये फाळके नाशिकला गेले. पुढच्याच वर्षी मोहिनी भस्मासुर आला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई होत्या. म्हणजे पहिल्या चित्रपटात बाई मिळाली नव्हती, दुसऱ्यात दोघी मिळाल्या. १९१४ मध्ये चित्रपट घेऊन ते लंडनला गेले. तिथे कौतुक झालं, तिथेच राहून काम करण्याबद्दल विचारणाही झाली. ते परत आले, कारण हा धंदा इथे उभा करायचा होता. पण महायुद्ध पेटलं आणि पैसा आटला. काही काळ छोट्या फिल्म्सवर निभावलं.

१९१७ मध्ये लंकादहन आला आणि गर्दी उसळली. याच चित्रपटात अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही झाले.

यश मिळालं की गुंतवणूकदार येतात. १९१८ च्या सुरुवातीला पाच भागीदारांसह हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. श्रीकृष्ण जन्म आणि कालिया मर्दन आले. त्यात बाळकृष्ण झाली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी.

पण आता पैसे एकाचे आणि काम दुसऱ्याचं असा मामला झाला. एवढा खर्च का, एवढा वेळ का, असं भागीदार विचारू लागले. फाळक्यांना कलेत ढवळाढवळ खपेना. दोघांची बाजू आपापल्या जागी बरोबर होती, पण कोण काय ठरवणार हे आधी स्पष्ट झालं नव्हतं. १९१९ मध्ये फाळके सगळं सोडून काशीला गेले. तिथे रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं. १९२२ मध्ये कंपनीत परतले, पण मालकीची जुनी ऊब आता राहिली नव्हती. छापखान्यात जे झालं तेच दहा वर्षांनी पुन्हा झालं. यंत्राबद्दलची प्रत्येक चूक फाळके एकदाच करत. भागीदारीबद्दलची चूक मात्र त्यांनी दोनदा केली.

आवाज आला तेव्हा

१४ मार्च १९३१ ला गिरगावच्याच मॅजेस्टिक सिनेमात आलम आरा लागला आणि पडदा बोलू लागला. फाळके तेव्हा सेतुबंधन बनवत होते, तोही मूक आणि मोठ्या खर्चाचा. तो तयार होईपर्यंत बाजार बदलला होता. मग त्याला मागाहून आवाज जोडावा लागला.

वीस वर्षांपूर्वी याच माणसाने एका मिनिटाच्या फिल्मने बाजार तपासला होता. आता त्याच्याकडे नाव होतं, अनुभव होता, पण छोटा प्रयोग राहिला नव्हता. एकच मोठा डाव होता, आणि तो जुन्या तंत्राचा. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला गंगावतरण १९३७ मध्ये आला. तो त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले, हलाखीतच. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये.

आपण काय घ्यायचं, काय सोडायचं?

घ्यायचं ते असं.

– आधी शंका शोधा, मग फीचर. सगळ्यात मोठ्या शंकेचं सगळ्यात स्वस्त उत्तर म्हणजे तुमचा एमव्हीपी.
– कामाची साखळी स्वतः शिकून घ्या. दुसऱ्याला काम देताही येतं, पण ते कळलेलं असलं पाहिजे.
– नवी गोष्ट ओळखीच्या रूपात द्या.
– विक्री होत नसेल तर लगेच दर पाडू नका. ग्राहक तुमची तुलना कशाशी करतोय ते आधी बघा.
– भागीदारी करताना खर्च, वेळ आणि अंतिम निर्णय कुणाचा, हे कागदावर घ्या. मैत्री चांगली आहे तेव्हाच घ्या.
– पहिला प्रयोग यशस्वी झाला म्हणून प्रयोग बंद करू नका. तंत्रज्ञान बदललं की पुन्हा वाटाण्यापासून सुरुवात.

आणि सोडायचं ते म्हणजे विमा गहाण, दागिने गहाण आणि डोळे पणाला. अशा गोष्टी सांगायला भारी वाटतात, कारण आपल्याला शेवट माहीत असतो. ज्यांचं फसलं त्यांची नावं कुठल्याही रस्त्याला नाहीत. लीन असणं म्हणजे घरच्यांच्या जिवावर काटकसर करणं नव्हे. किती पैसे आणि किती महिने घालवायचे हे आधी ठरवायचं आणि घरात ते सगळ्यांना सांगायचं. घरातलं कुणी रात्री जागून तुमच्यासाठी भोकं पाडत असेल, तर कंपनीत त्याचं नाव आणि हिस्सा दोन्ही असू द्या.

पुढच्या वेळी दादर स्टेशनला पूर्वेला उतरलात तर फाळके मार्गाने एकदा चालत जा. आणि तुमच्या डोक्यात एखादी आयडिया असेल, तर तिचा वाटाणा कोणता, एवढं घरी पोहोचेपर्यंत ठरवा. कॅमेरा तर खिशातच आहे.